अनिश्चिततेचे तत्त्व आणि आमचा बंडू

‘नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, याची कोणी कधी मोजदाद केली आहे काय? पाऊस केव्हा येणार? नक्की सांगता येत नाही. तुळजापूरची गाडी केव्हा येणार? नक्की सांगता येत नाही. काल फडताळात ठेवलेली पेन्सिल आज कोठे आहे? तेही नक्की सांगता येत नाही. मोठी माणसे हे वाक्य थोडी ओशाळून बोलतात. परंतु माझ्या भाच्याने एके वर्षी या वाक्यालाच शास्त्राचा मुकुट चढविला आणि आठ दिवस साऱ्या घराला हैराण करून सोडले. त्याचे खरे नाव येथे सांगितलेले त्यास आवडणार नाही. आपण त्याला बंडू म्हणू.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. त्या वर्षी जूनच्या आरंभी मी पंधरा दिवसांसाठी ताईकडे गेलो होतो. धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरच्या जवळ, बालाघाटच्या डोंगररांगांत तिचे गाव आहे. मृग नक्षत्र तोंडावर आले होते. शाळा उघडायची होती आणि आकाशात ढग नुसतेच येऊन पाहून जात होते.

मी पोचलो त्याच दिवशी बंडूच्या आबांनी सोयाबीनच्या पोत्यातून शंभर दाणे निवड न करता मोजून घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरे ओले गोणपाट घातले आणि त्यांची गुंडाळी करून ती सावलीत ठेवली. घरचे बी पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती पाहण्याची ही रीत आहे. गुंडाळीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे, सातव्या दिवशी ती उलगडायची आणि शंभरांपैकी किती दाण्यांना चांगले कोंब आले ते मोजून वहीत लिहायचे. हे काम आबांनी बंडूवर सोपविले.

त्याच रात्री बंडूने माझ्या पिशवीतून एक पुस्तक काढले व त्याची दोन पाने वाचली. ‘कणाचे स्थान आणि त्याचा संवेग ही दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे निश्चित असू शकत नाहीत,’ हे वाक्य त्यास सापडले. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, हे त्याने मला विचारून घेतले आणि पुस्तक मिटले. पुढची पाने वाचण्याची त्यास गरजच वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक नवा शास्त्रज्ञ वावरू लागला.

ताईने विचारले, “गणिते सोडविलीस का रे?”

“सोडविली,” बंडू म्हणाला. “पण ती बरोबर आहेत की चूक आहेत, हे तपासल्यावाचून ठरत नाही, आणि तपासायला गेले की त्यांची अवस्था बदलते. म्हणून मी ती तपासलेली नाहीत.”

भूमच्या खव्याचे बारा पेढे ताईने डब्यात मोजून ठेवले होते. दुपारी डबा उघडला, तो आत नऊच! बंडूने गंभीर मुद्रेने खुलासा केला, “आई, तू उगाच मोजलेस. मोजण्याच्या क्रियेनेच मोजलेली वस्तू बदलते.” त्याच्या ओठाला लागलेला खवा मात्र अजिबात बदललेला नव्हता.

एके दिवशी आम्ही दोघे फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे होतो. शेजारच्या एका गृहस्थांनी दूरध्वनीवरून चौकशी करून सांगितले, “गाडी आताच नळदुर्गच्या स्थानकात लागली आहे.” बंडू लगेच म्हणाला, “मामा, स्थान कळले. आता तिचा वेग कळणे अशक्य!” थोड्या वेळाने दुसरे कोणी म्हणाले, “आज गाडी फार वेगाने येते आहे.” बंडू म्हणाला, “झाले! आता तिचे स्थान हरवले.” शेवटी गाडी आली. तिचे स्थान आमच्यापासून दोन हातांवर आणि तिचा वेग शून्य, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांना दिसत होत्या. त्यावर मात्र आमचे शास्त्रज्ञ काही बोलले नाहीत. खिडकीची जागा पकडण्यात ते गुंतले होते.

आठव्या दिवशी दूध उतू गेले. ताईने त्यास चुलीजवळ बसविले होते. तो तेथेच बसला होता, पण भिंतीकडे तोंड करून. “मी पाहिले असते, तर दुधाच्या गतीत व्यत्यय आला असता,” असे त्याने सांगितले. ताईने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीचा अर्थ अगदी निश्चित होता. संध्याकाळी मी बंडूला अंगणातल्या निंबाखाली घेऊन बसलो.

“बंडू, अंधाऱ्या खोलीत जमिनीवर एक गोटी पडली आहे. ती कोठे आहे हे तू कसे शोधशील?”

“हाताने चाचपून.”

“आणि बोट लागताच?”

“ती घरंगळेल.”

“बरोबर. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो. प्रकाश अगदी लहान लहान पुड्यांनी येतो आणि अर्धी पुडी मिळत नाही. आखूड तरंगांचा प्रकाश वापरला, तर इलेक्ट्रॉनचे स्थान नेमके कळते, पण त्यास धक्का जोराचा बसतो. लांब तरंगांचा वापरला, तर धक्का हलका बसतो, पण स्थान धूसर होते.”

बंडू विचार करून म्हणाला, “म्हणजे दोष आपल्या जाड बोटांचा! बारीक बोटे मिळाली, की काम झाले.”

प्रश्न चांगला होता. पुष्कळ मोठी माणसेही येथेच थांबतात. तेवढ्यात पलीकडच्या आळीत गोंधळ सुरू झाला आणि तुणतुण्याची तार वाजू लागली. मी म्हटले, “ऐक. या तारेचा स्वर तुला ओळखता येतो ना? पण तो ओळखण्यासाठी तार काही वेळ वाजत राहावी लागते. आता ही ऐक,” असे म्हणून मी एक टाळी वाजविली. “टाळी कोणत्या क्षणी वाजली?”

“आत्ता!”

“तिचा स्वर कोणता?”

बंडू घुटमळला. “टाळीला कसला आला स्वर?”

“हेच ते. नाद जितका क्षणिक, तितका त्याचा क्षण नेमका आणि स्वर अनिश्चित. नाद जितका लांबलेला, तितका स्वर स्पष्ट आणि क्षण पसरलेला. यात तुझ्या कानाचा काही दोष आहे का? नाही. तरंगांचा स्वभावच तसा आहे. इलेक्ट्रॉनही तरंगांसारखा वागतो. त्याचे स्थान नेमके असेल, तर त्याचा संवेग पसरलेला असतो. संवेग नेमका असेल, तर स्थान पसरलेले असते. बोटे कितीही बारीक केली, तरी ही मर्यादा जात नाही.”

“मग दुधालाही हेच लागू!” बंडूचे डोळे चमकले.

“लागू आहे, पण किती, हे विचारल्याशिवाय शास्त्र होत नाही. या अनिश्चिततेचे माप प्लांकच्या स्थिरांकाने ठरते. मॅक्स प्लांक या जर्मन शास्त्रज्ञाने १९०० साली तो मांडला. जूल-सेकंद या एककात तो लिहायचा, तर शून्य, मग दशांशचिन्ह, मग ३३ शून्ये आणि त्यानंतर ६६२६ असे अंक लिहावे लागतील. इलेक्ट्रॉन अतिशय हलका असतो, म्हणून त्याला एवढेसे मापही फार जाणवते. एका अणूच्या रुंदीत त्यास कोंडले, तर त्याच्या वेगातील अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर होते. आता तुझा दीडशे ग्रॅमचा चेंडू घे. त्याचे स्थान एका मिलिमीटरपर्यंत नेमके ठाऊक आहे असे धरू. या तत्त्वामुळे त्याच्या वेगात जी अनिश्चितता येईल, तिच्यामुळे तो विश्वाच्या आरंभापासून आजवरच्या सुमारे १३८० कोटी वर्षांत एका अणूच्या रुंदीइतकाही सरकणार नाही.”

“आणि पातेलेभर दूध?”

“ते चेंडूहून जड. त्याच्या बाबतीत अनिश्चित असे काही असेल, तर ते एवढेच, की ताई तुला पुन्हा चुलीजवळ बसवील की नाही.”

बंडू हसला; मग म्हणाला, “म्हणजे हे तत्त्व फक्त पुस्तकातले. आपल्याकडे त्याचा काही उपयोग नाही.”

“तसेही नाही. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. दूर आकाशात कृष्णविवरांची टक्कर झाली, म्हणजे अवकाशात जे तरंग उठतात, ते टिपण्याचे तिचे काम. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून प्रकाश खेळवायचा आणि त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक पाहायचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतका सूक्ष्म असतो. इतके सूक्ष्म मोजू लागले, की प्रकाशाची स्वतःची अनिश्चितता आड येते. मग शास्त्रज्ञ काय करतात? नक्की सांगता येत नाही म्हणून स्वस्थ बसतात काय? फुगा एका बाजूने दाबला, की तो दुसऱ्या बाजूस फुगतो. त्याचप्रमाणे ते प्रकाशाची अनिश्चितता जेथे नको तेथे दाबतात आणि जेथे चालेल तेथे फुगू देतात. अमेरिकेतील अशा वेधशाळा २०१९ पासून आपल्या निरीक्षणांत ही युक्ती वापरीत आहेत. अनिश्चितता पुसून टाकता येत नाही. पण ती किती आहे आणि कोठे ठेवावी, हे ठरविता येते.”

बंडू गप्प बसून ऐकत होता. मग त्याने विचारले, “मामा, हे तत्त्व काढणारा माणूस लहानपणापासून फार हुशार असेल, नाही?”

“त्याचे नाव वेर्नर हायझेनबर्ग. १९०१ साली जर्मनीत त्याचा जन्म झाला. हुशार तर होताच. पण १९२३ साली म्युनिकच्या विद्यापीठात त्याची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाविषयी विचारले. अगदी जवळचे दोन ठिपके त्यातून वेगळे केव्हा दिसतात, असा साधा प्रश्न होता. त्यास उत्तर देता आले नाही. तो जेमतेम उत्तीर्ण झाला.”

बंडूची कळी खुलली. “पाहा, मी म्हणत नव्हतो?”

“थांब, गोष्ट संपलेली नाही. १९२७ साली कोपनहेगन येथे त्याने अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. ते समजावून देण्यासाठी त्याने कोणते उदाहरण घेतले असेल? सूक्ष्मदर्शकाचे! आणि त्यातही त्याची चूक झाली. नील्स बोर हे त्याचे वडीलधारे सहकारी. त्यांनी ती चूक दाखविली. दोघांचा मोठा वाद झाला. हायझेनबर्गच्या डोळ्यांना पाणी आले. पण शेवटी त्याने आपल्या लेखाच्या अखेरीस एक मजकूर जोडला आणि बोर यांनी लक्षात आणून दिलेल्या उणिवा तेथे नमूद केल्या. तो लेख आजही तसाच आहे. पुढे त्यास १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो १९२९ साली भारतात आला होता आणि कलकत्त्यास रवींद्रनाथ ठाकुरांनाही भेटला होता.”

“म्हणजे चूक झाल्याचे त्याने सगळ्यांसाठी छापून टाकले?”

“होय.”

बंडू पुढे काही बोलला नाही. जेवतानाही तो गप्पच होता. रात्री अंगणात अंथरुणे घातली, तेव्हा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मामा, मी बी मोजलेच नाही.”

मला प्रथम काही कळेना. मग त्याने सारे सांगितले. दोन दिवस तो पाणी शिंपडण्यास विसरला होता. गोणपाट वाळून खडखडीत झाले होते. सातव्या दिवशी ते उलगडून न पाहताच त्याने वहीत ‘८२’ लिहिले आणि गुंडाळी गोठ्यामागे टाकून दिली. त्या ब्याऐंशीवर विसंबून आबांनी बियाण्याचा हिशेबही केला होता.

“आबांना तूच सांग,” मी म्हटले.

सकाळी बंडू आबांपुढे उभा राहिला. त्याने सगळे सांगितले. अनिश्चिततेचे तत्त्व या खेपेस त्याच्या तोंडी आले नाही. आबा बराच वेळ बोलले नाहीत. आमचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे बी उगवले नाही, तर दुबार पेरणी करावी लागते आणि दुबार पेरणीला ना पैसा उरतो, ना ओल उरते.

मग आबा म्हणाले, “पाऊस माझ्या हातात नाही, बाळा. कोणता दाणा रुजेल, तेही माझ्या हातात नाही. शंभरांत किती रुजतात, एवढे एकच मला कळू शकत होते. तेही तू माझ्यापासून काढून घेतले होतेस.”

ते रागावले असते, तर बंडूला बरे वाटले असते.

त्याच दिवशी आबांनी पुन्हा शंभर दाणे मोजले. या वेळी बंडूने एकही पाळी चुकविली नाही. गुंडाळीजवळ बसून तो मला विचारीत असे, “मामा, यातला कोणता रुजणार?” मी म्हणे, “सांगता येणार नाही.” “आणि किती रुजणार?” “ते सातव्या दिवशी सांगता येईल.” अणूंचेही काहीसे असेच आहे. दवाखान्यात औषध म्हणून वापरतात, त्या किरणोत्सारी आयोडीनचा कोणता अणू केव्हा फुटेल, हे कोणीही सांगू शकत नाही. तथापि त्यांपैकी निम्मे अणू सुमारे आठ दिवसांत फुटतात, हे मात्र निश्चित. फरक एवढाच, की दाण्याच्या पोटात न रुजण्याचे काही कारण दडलेले असते आणि शोधले तर ते सापडू शकते; अणूच्या पोटात असे दडलेले कारण आजवर सापडलेले नाही. एक अनिश्चितता आपल्या अज्ञानाची आणि दुसरी निसर्गाच्या स्वभावाची. बंडूने मात्र तिसरीच निर्माण केली होती, ती आळसाची. आणि तिच्यावर शास्त्राचे नाव घातले होते.

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडली. बंडूने एकदा मोजले, मग दुसऱ्यांदा मोजले. कोंब आलेले दाणे भरले ६४.

शंभरांपैकी निदान ७० दाणे रुजले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरे होते. त्याहून कमी रुजले, तर त्या मानाने बियाणे वाढवावे लागते. आबांनी बंडूकडे पाहिले. बंडू आपली गणिताची वही घेऊन आला. सत्तरास तीस किलो, तर चौसष्टास किती? त्याने व्यस्त प्रमाणाचे त्रैराशिक मांडले. तिसाला सत्तराने गुणले, आलेल्या संख्येला चौसष्टाने भागले आणि ३२.८ हे उत्तर काढले. मग कोणी न सांगता ते तपासलेही.

“तेहतीस किलो,” तो म्हणाला.

“तेहतीस,” असे म्हणून आबांनी मान हलविली.

मधल्या काळात दोनदा पाऊस पडून गेला होता. शेजारच्या काहींनी पेरण्या उरकल्या होत्या. परंतु आबा थांबले. पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल जाईपर्यंत पेरू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात आणि आबा तो काटेकोरपणे पाळतात. माझी रजा संपली, त्या दिवशीही ते बांधावर बसून बोटाने माती उकरून पाहत होते.

जूनच्या अखेरीस पेरणी झाल्याचे मला कळले. पुढे दहा-बारा दिवसांनी मी ताईकडे दूरध्वनी केला. तो बंडूने घेतला.

“काय शास्त्रीबुवा,” मी विचारले, “उगवण कशी झाली?”

क्षणभर पलीकडून काहीच ऐकू आले नाही. मग आवाज आला, “थांबा मामा. शेतात जाऊन मोजतो आणि सांगतो.”

स्वाध्याय

१. बंडूने अनिश्चिततेच्या तत्त्वाचा दुरुपयोग कोणकोणत्या प्रसंगी केला?
२. टाळी आणि तुणतुण्याची तार यांच्या उदाहरणावरून मामांनी काय समजावून दिले?
३. हायझेनबर्गच्या गोष्टीतील कोणती गोष्ट ऐकून बंडू गप्प झाला? का?
४. ‘तेही तू माझ्यापासून काढून घेतले होतेस,’ असे आबा का म्हणाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. पाठात सांगितलेल्या तीन प्रकारच्या अनिश्चितता कोणत्या? प्रत्येकीचे एक उदाहरण तुमच्या घरातून द्या.
६. मूग किंवा मटकीचे शंभर दाणे घेऊन उगवणशक्ती पाहा व दररोजची नोंद वहीत ठेवा.